विश्लेषण : टेलिफोनच्या जनकाने शाळकरी मुलांचे कान का तपासले? ग्रॅहॅम बेल यांच्या आयुष्यातून आज काय शिकायचे?

दर वर्षी ३ मार्चला ‘जागतिक श्रवण दिन’ पाळला जातो. इंग्रजीतला तीनचा आकडा कानासारखा दिसतो आणि ३-३ म्हणजे दोन कान, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ही तारीख निवडली. योगायोग असा की, १८४७ मध्ये याच तारखेला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकात बेल भेटतात ते टेलिफोनचे जनक म्हणून. स्वतः बेल मात्र आपली ओळख कर्णबधिरांचे शिक्षक अशी सांगत. शाळेतल्या मुलांना किती ऐकू येते, हे यंत्राने मोजण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत त्यांचा प्रयत्न मोडतो. आज जिथे कानाचे डॉक्टर नाहीत, अशा गावांत आणि वस्त्यांत मुलांचे कान तपासण्यासाठी मोबाइल फोनच वापरला जाऊ लागला आहे. बेल यांच्या आयुष्यात या कामाची सुरुवात कशी झाली, ते कुठे चुकले आणि त्याचा आजच्या तपासणीशी काय संबंध, याविषयी...

घरात आवाज आणि शांतता दोन्ही कशी होती?

स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात बेल यांचे घर होते. आजोबा आणि वडील दोघेही शुद्ध उच्चार आणि वक्तृत्व शिकवत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी ‘दृश्य वाणी’ नावाची लिपी तयार केली होती. जीभ, ओठ आणि घसा यांची स्थिती दाखवणारी चिन्हे त्यात होती. कोणत्याही भाषेतला आवाज त्या चिन्हांत लिहिता येई. वडील सभांमध्ये प्रयोग करून दाखवत. मुलगा खोलीबाहेर जाई, श्रोते हवे ते विचित्र आवाज काढत, वडील ते फळ्यावर लिहीत आणि मुलगा परत येऊन चिन्हे वाचून तेच आवाज जसेच्या तसे काढी.

याच घरात आई एलायझा यांना फारच कमी ऐकू येत असे. त्या चित्रे काढत, पियानो वाजवत. बाकीचे लोक त्यांच्याशी बोलताना कानाला लावायच्या नळीत मोठ्याने ओरडत. अलेक मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोले. घरात पाहुणे जमले की तो आईजवळ बसून बोटांच्या खुणांच्या वर्णमालेतून तिला सगळे संभाषण सांगत राही. आवाज म्हणजे कंपन आहे आणि ते कानाशिवायही पोहोचवता येते, ही जाण त्याला प्रयोगशाळेत नव्हे, आईजवळ बसून आली.

बोस्टनच्या शाळेत ते कसे पोहोचले?

१८६८ मध्ये लंडनमधल्या एका लहान खासगी शाळेत बेल यांनी वडिलांची लिपी वापरून कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवले. काम रंगत असतानाच घरावर आघात झाले. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ मध्ये क्षयाने गेला होता. १८७० मध्ये थोरला भाऊ मेलव्हिलही त्याच रोगाने गेला. तीन मुलांपैकी उरलेल्या एकाला वाचवायचे म्हणून आई-वडिलांनी देश सोडला आणि कॅनडात ब्रँटफर्ड येथे घर केले.

तिथून १८७१ मध्ये बेल अमेरिकेत बोस्टनला गेले. कर्णबधिर मुलांसाठी तिथे नुकतीच एक दिवसशाळा सुरू झाली होती आणि वडिलांची लिपी शिक्षिकांना शिकवण्यासाठी त्यांना बोलावणे आले होते. पुढे त्यांनी स्वतःचे वर्ग सुरू केले. १८७३ मध्ये ते बोस्टन विद्यापीठात स्वरेंद्रियांच्या शरीरशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यांच्या विद्यार्थ्यांत जॉर्ज सँडर्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा होता. तो जन्मतः बहिरा होता. बेल त्याच्या आजीच्या घरी राहत आणि राहण्या-जेवणाच्या बदल्यात त्याला शिकवत. अक्षरे छापलेला हातमोजा त्यांनी तयार केला होता. अक्षरांना स्पर्श करून शब्द जुळवायचे, अशी ती युक्ती होती. दिवसा शिकवणे आणि रात्री तारांचे प्रयोग, असा त्यांचा क्रम चाले. जॉर्जच्या वडिलांनीच पुढे टेलिफोनच्या प्रयोगांसाठी पैसे पुरवले.

मेबलची श्रवणशक्ती कशाने गेली?

१८७३ मध्ये मेबल हबर्ड ही तरुणी बेल यांच्याकडे उच्चार शिकायला आली. ती जन्मतः बहिरी नव्हती. पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीवर झाला. अंगावर लाल पुरळ आणणारा हा ताप त्या काळी प्रतिजैविके नसल्याने अनेक मुलांचा जीव घेई, अनेकांचे कान निकामी करी. मेबल वाचली, पण तिला काहीच ऐकू येईनासे झाले.

मात्र तिच्या घरच्यांना काय बिघडले आहे, हे वेळीच समजले. तिची आई तिच्याशी बोलत राहिली, ओठांच्या हालचाली वाचायला शिकवत राहिली. वडील गार्डिनर हबर्ड वकील होते. त्यांनी खटपट करून मॅसॅच्युसेट्स राज्यात १८६७ मध्ये कर्णबधिर मुलांसाठी शाळा उभी राहण्यास हातभार लावला. मेबल इंग्रजी आणि जर्मन दोन्ही भाषांतले बोलणे ओठांवरून ओळखू लागली. जुलै १८७७ मध्ये तिचे बेल यांच्याशी लग्न झाले. टेलिफोन कंपनीतले आपले दहा समभाग सोडून बाकी सगळे बेल यांनी लग्नाची भेट म्हणून तिच्या नावावर केले.

मेबलच्या बाबतीत तिघांचा जोर होता : आजार ओळखणारे घर, लगेच सुरू झालेले शिक्षण आणि खर्च पेलणारे वडील. त्या काळच्या बहुतेक बहिऱ्या मुलांना यातले एकही मिळत नव्हते.

मृत माणसाच्या कानातून टेलिफोन कसा सुचला?

कर्णबधिर मुलांना स्वतःचा आवाज डोळ्यांनी दाखवता आला तर ते उच्चार सुधारतील, असे बेल यांना वाटे. त्यासाठी आवाजाच्या लहरी काचेवर उमटवणारे यंत्र ते शोधत होते. बोस्टनचे कानांचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्यांना सुचवले की, यंत्राची नक्कल करण्यापेक्षा खराच कान वापरावा. ब्लेक यांनी मृतदेहाचा कान मिळवून दिला.

१८७४ च्या उन्हाळ्यात बेल ब्रँटफर्डला आई-वडिलांकडे गेले आणि त्यांनी तो कान यंत्रात बसवला. कानाच्या हाडाला गवताची काडी जोडली, काडीचे टोक काजळी धरलेल्या काचेला टेकवले आणि कानात आवाज काढला. काचेवर लहरी उमटल्या. कागदाहूनही पातळ असा कानाचा पडदा त्याच्या मानाने कितीतरी जड असलेली हाडे हलवू शकतो, हे पाहून बेल विचारात पडले. पडदा हाडे हलवू शकतो, तर थोडा मोठा पडदा लोखंडाचा तुकडाही हलवील आणि त्या हालचालीतून विजेच्या प्रवाहात आवाजासारखेच चढउतार निर्माण होतील, हा विचार तिथूनच पुढे सरकला.

७ मार्च १८७६ रोजी त्यांना पेटंट मिळाले. तीन दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या सहकारी थॉमस वॉटसन यांना त्यांचे शब्द तारेवरून स्पष्ट ऐकू गेले. बेल यांचा अर्ज दाखल झाला त्याच दिवशी इलिशा ग्रे यांनीही पेटंट कार्यालयात कागद दाखल केल्याने पुढे वर्षानुवर्षे खटले चालले. निकाल बेल यांच्या बाजूने लागत गेले. तिशी ओलांडायच्या आतच त्यांचे नाव जगभर झाले होते.

मिळालेल्या पैशांचे त्यांनी काय केले?

१८८० मध्ये फ्रान्स सरकारने बेल यांना व्होल्टा पारितोषिक दिले. रक्कम ५० हजार फ्रँक होती. त्यातून त्यांनी वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा उभारली. तिथे ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात सुधारणा झाल्या आणि त्याची मिळकत त्यांनी बहिरेपणाविषयी माहिती गोळा करणाऱ्या ‘व्होल्टा ब्यूरो’ या संस्थेला दिली. १८८७ मध्ये ही संस्था सुरू झाली.

टेलिफोन कंपनीच्या रोजच्या कारभारात त्यांना रस नव्हता. याच काळात त्यांचे दोन मुलगे जन्मानंतर लगेचच दगावले. पहिल्या मुलाला श्वास घेता आला नाही, म्हणून बेल यांनी छातीभोवती बसवायचे कृत्रिम श्वसनाचे कवच तयार करून पाहिले. एखादे दुःख समोर आले की त्यावर यंत्र शोधायचे, हा त्यांचा स्वभाव होता. श्रवण मोजण्याचे यंत्रही याच स्वभावातून आले.

बेल यांचे श्रवणमापक कसे चालत असे?

तोवर ऐकण्याची परीक्षा घ्यायची म्हणजे कानाजवळ खिशातले घड्याळ धरायचे किंवा काही अंतरावरून कुजबुजायचे, अशी पद्धत होती. पण प्रत्येक घड्याळाची टिकटिक वेगळी आणि प्रत्येक माणसाची कुजबुज वेगळी. एका डॉक्टरचा निष्कर्ष दुसऱ्याच्या निष्कर्षाशी ताडून पाहता येत नसे.

टेलिफोनमुळे यावर उपाय सापडला. बेल यांच्या यंत्रात तारेची दोन वेटोळी होती. एकात सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यातही प्रवाह निर्माण होई. दुसरे वेटोळे टेलिफोनच्या श्रवणभागाला जोडलेले असे. त्यामुळे कानाला लावलेल्या त्या भागातून एकसारखा सूर ऐकू येई. वेटोळी एकमेकांपासून दूर सरकवली की सूर क्षीण होत जाई. खाली मोजपट्टी होती. मुलाने ऐकू येत नाही अशी खूण केली की पट्टीवरचा आकडा लिहून घ्यायचा. त्या मुलाच्या कानाची ती मर्यादा.

साधारण याच सुमारास लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज यांनीही असेच यंत्र बनवले होते, त्यामुळे हे श्रेय एकट्या बेल यांचे नाही. पण हे यंत्र घेऊन शाळांत जाण्याचे महत्त्व बेल यांनी ओळखले.

शाळांमध्ये त्यांना काय आढळले?

१८८० च्या दशकात बेल यांच्या यंत्राने वॉशिंग्टनच्या साध्या शाळांतील शेकडो मुलांची तपासणी झाली. ही बहिऱ्यांच्या शाळेतली मुले नव्हती. रोज वर्गात बसणारी, सगळ्यांना ठीक ऐकू येते असे गृहीत धरलेली मुले होती. त्यांतल्या काहींना कमी ऐकू येत असल्याचे आढळले. १८८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीसमोर बेल यांनी श्रवणशक्ती मोजण्याविषयीचे आपले काम मांडले.

या निष्कर्षाचे मोल मोठे होते. पूर्ण बहिरे मूल घरच्यांच्या लक्षात येते. अर्धवट ऐकू येणारे मूल लक्षात येत नाही. त्याला हाक ऐकू जाते, पण हळू बोललेले शब्द निसटतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज ऐकू न आल्याने शब्द अर्धवट कळतात. मागच्या बाकावर बसले असेल तर गुरुजींचे निम्मे बोलणे वाया जाते. मग उत्तर चुकते, शुद्धलेखन बिघडते, मूल गप्प होते. वर्गात त्याला ‘ढ’ म्हटले जाते, घरी ‘लक्षच नसते’ म्हणून बोलणी बसतात. कान तपासले तर पाच मिनिटांत कळणारी गोष्ट न कळल्याने त्याच्या शिक्षणाची दिशाच बदलते.

१९०० च्या अमेरिकी जनगणनेत कर्णबधिरांविषयीच्या माहितीचे काम बेल यांच्याकडे सोपवले गेले. किती लोक, कोणत्या वयात, कशामुळे बहिरे झाले, हे मोजल्याशिवाय उपाय ठरवता येत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती.

हेलन केलर यांच्याशी त्यांचा संबंध कसा आला?

१८८६ मध्ये अलाबामा राज्यातील कॅप्टन आर्थर केलर आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बेल यांच्याकडे आले. दीड वर्षाची असताना एका आजारात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती. बेल यांनी तिला मांडीवर घेतले, खिशातले घड्याळ वाजवून त्याचे कंपन तिच्या हाताला जाणवू दिले. मग त्यांनी केलर यांना बोस्टनच्या पर्किन्स संस्थेशी संपर्क साधायला सांगितले. त्या संस्थेने ॲन सलिव्हन या तरुण शिक्षिकेला पाठवले. ॲन केलर यांच्या घरी पोहोचली तो दिवस ३ मार्च १८८७, म्हणजे बेल यांचा चाळिसावा वाढदिवस होता.

हेलन आणि बेल यांची मैत्री आयुष्यभर टिकली. १८९३ मध्ये व्होल्टा ब्यूरोच्या नव्या इमारतीसाठी पहिली कुदळ मारली ती बारा वर्षांच्या हेलनने. १९०३ मध्ये आलेले आपले आत्मचरित्र तिने बेल यांना अर्पण केले. योग्य माणसाकडे योग्य वेळी पाठवणे, एवढेच बेल यांनी या प्रकरणात केले होते. पण त्या एका शिफारशीने एक आयुष्य बदलले. आजच्या आरोग्यव्यवस्थेत याला ‘संदर्भसेवा’ म्हणतात आणि गरीब भागांतली साखळी नेमकी इथेच तुटते.

बेल कुठे चुकले?

बेल यांच्या कामाला दुसरी बाजू आहे आणि अनेक कर्णबधिर लोक ती आजही विसरलेले नाहीत. प्रत्येक बहिऱ्या मुलाने बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकले पाहिजे, असे बेल यांचे ठाम मत होते. खुणांची भाषा त्यांना स्वतःला येत होती, तरी शाळेत तिचा वापर नको, असे ते म्हणत. बहिऱ्यांच्या निवासी शाळांना आणि तिथे बहिऱ्या शिक्षकांच्या नेमणुकांना त्यांचा विरोध होता.

१८८३ मध्ये त्यांनी विज्ञान अकादमीसमोर एक प्रबंध वाचला. बहिरे लोक आपसांत लग्ने करत राहिले तर माणसांत बहिऱ्यांची वेगळी जातच तयार होईल, अशी भीती त्यात होती. अशा लग्नांवर कायद्याने बंदी घालण्याची शिफारस त्यांनी केली नाही. पण या मांडणीने सुप्रजननवाद्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. प्रत्यक्षात बहुसंख्य बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्याच पोटी जन्मतात.

त्याआधी १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांच्या भाषेऐवजी तोंडी पद्धतच वापरावी असा ठराव केला होता. बेल यांच्या प्रतिष्ठेमुळे अमेरिकेत या विचाराला बळ मिळाले. त्यांना विरोध करणारे एडवर्ड गॅलॉडेट वॉशिंग्टनमध्येच कर्णबधिरांचे महाविद्यालय चालवत. त्यांचीही आई बहिरी होती. ती खुणांच्या भाषेत बोले. उच्चार आणि खुणा दोन्ही शिकवा, असे गॅलॉडेट सांगत. दोघेही बहिऱ्या आईचे मुलगे असूनही दोन टोकांना पोहोचले होते.

याची किंमत मुलांनी मोजली. ज्यांना उच्चार जमले नाहीत, त्यांच्या वाट्याला कोणतीच भाषा नीट आली नाही. अनेक शाळांत खुणा केल्याबद्दल हातावर छड्या बसत. मिलानचे ठराव चुकीचे होते, हे त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे मान्य केले. त्याला १३० वर्षे जावी लागली.

बेल यांच्यानंतर शाळांतील तपासणीचे काय झाले?

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात आपल्या घरी बेल यांचे निधन झाले. त्यांच्या दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन मिनिटभर बंद ठेवण्यात आले. मेबल काही महिन्यांतच गेल्या.

त्याच दशकात टेलिफोन उद्योगातील अभियंत्यांनी आवाजाची पातळी सांगण्यासाठी नवे एकक घेतले आणि त्याला ‘बेल’ हे नाव दिले. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल. आज कुठल्याही मुलाच्या श्रवणचाचणीच्या अहवालात हे एकक असते.

शाळांतील तपासणीनेही त्याच दशकात वेग घेतला. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने ग्रामोफोनवर चालणारे श्रवणमापक काढले. त्याला अनेक टेलिफोन जोडलेले असत आणि सुमारे चाळीस मुलांची एकाच वेळी परीक्षा घेता येई. तबकडीवरचा आवाज आकडे सांगे आणि प्रत्येक वेळी आवाज हळू होत जाई. मुलांनी ऐकू आलेले आकडे कागदावर लिहायचे. जिथून आकडे चुकू लागत, तिथे शंका घ्यायची. एकेका मुलाऐवजी पूर्ण वर्ग तपासता येऊ लागला आणि खर्च उतरला.

गरीब वस्त्यांत ही तपासणी आजही अवघड का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३.४ कोटी मुलांना उपचार किंवा पुनर्वसनाची गरज पडेल इतके कमी ऐकू येते. मुलांमधील जवळपास ६० टक्के बहिरेपण टाळता येण्यासारखे असते. कारणे परिचयाची आहेत : वारंवार कान फुटणे व वाहणे, गोवर, गालगुंड, मेंदूज्वर, गरोदरपणात आईला झालेला रुबेला, जन्मावेळी बाळ गुदमरणे, तीव्र कावीळ आणि कानाला अपाय करणारी काही औषधे. यातले बरेचसे लस, सुरक्षित प्रसूती आणि कानाच्या साध्या उपचारांनी थांबते. ही साधने जिथे कमी, तिथेच बहिरेपण जास्त.

तिथेच तज्ज्ञही नसतात. कमी उत्पन्नाच्या बहुतेक देशांत दर दहा लाख लोकांमागे एकही कान-नाक-घसा तज्ज्ञ पडत नाही. पारंपरिक श्रवणमापक महाग असते, ते नियमितपणे प्रमाणित करून घ्यावे लागते आणि चाचणीसाठी शांत खोली लागते. पत्र्याच्या छपराच्या, रस्त्याला लागून असलेल्या शाळेत शांतता कुठून आणायची, हा साधा प्रश्नही मोठा ठरतो.

फोनच तपासणीयंत्र कसा झाला?

दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गेल्या दशकात स्वस्त स्मार्टफोन आणि प्रमाणित हेडफोन वापरून तपासणीची पद्धत तयार केली. ठरावीक उंचीचे मोजके सूर मुलाला ऐकवले जातात. मूल हात वर करते किंवा करत नाही, तेवढे आरोग्य कार्यकर्तीने नोंदवायचे. खोलीत गोंगाट जास्त झाला तर फोनच तसे दाखवतो. निकाल दोनच प्रकारचे असतात : ठीक, किंवा पुढे पाठवा. थोडे प्रशिक्षण मिळालेली स्थानिक महिला हे काम घरोघरी करू शकते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये मोबाइलवर स्वतःचे श्रवण तपासण्याचे मोफत ॲप आणले. त्यात गोंगाटात सांगितलेले आकडे ओळखायचे असतात. ग्रामोफोनच्या तबकडीवरचीच ही कल्पना, शंभर वर्षांनी पुन्हा आली.

मात्र साध्या हेडफोनवर कुठलेही ॲप लावून काढलेला निष्कर्ष निदान ठरत नाही. शिवाय नवजात बाळ हात वर करत नाही. त्याच्यासाठी कानातून परत येणारे सूक्ष्म आवाज किंवा मेंदूकडे जाणारे संकेत मोजणारी वेगळी यंत्रे लागतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात, हे त्यासाठीचे मान्य वेळापत्रक आहे.

तपासणीनंतर काय, हाच खरा प्रश्न का?

अलास्काच्या वायव्य भागातील पंधरा दुर्गम वस्त्यांत याचा अभ्यास झाला. तिथल्या शाळांत मोबाइलवर कान तपासल्यावर काही वस्त्यांतील पालकांना नेहमीप्रमाणे चिठ्ठी दिली गेली. इतर ठिकाणी शाळेतूनच दूरसंचाराद्वारे तज्ज्ञांचा सल्ला मिळवून दिला. दुसऱ्या गटात पुढचे उपचार घेणाऱ्या मुलांचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. तपासणी तीच होती, फरक पडला तो पुढच्या पावलात.

भारतात १८८० च्या दशकातच मुंबईत माझगाव येथे देशातील पहिली कर्णबधिर शाळा सुरू झाली. १९८३ पासून वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था काम करते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांच्या तपासणीत श्रवणदोषाचाही समावेश आहे. संशय आल्यास मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायचे असते. तिथवर पोहोचण्यासाठी आई-बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो, गाडीभाडे लागते. श्रवणयंत्र मिळाले तरी त्याचे सेल आणि दुरुस्ती यांचा खर्च राहतोच. त्यामुळे चिठ्ठी देऊन काम संपत नाही.

घरातही काही खुणा ओळखता येतात. मूल टीव्हीचा आवाज वारंवार वाढवते, एकच कान पुढे करते, पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारते, बोलायला उशिरा लागते, कान वाहतो, भलतेच उत्तर देते. यातले काही दिसले तर रागावण्याआधी कान तपासून घ्यावेत. वाहत्या कानात तेल किंवा कुठलाही घरगुती रस घालू नये.

बेल यांच्या यंत्राने लपलेले बहिरेपण समोर आणले, ही त्यांची मोठी देणगी. पण सापडलेल्या मुलासाठी एकच रस्ता आहे असे ठरवून त्यांनी अनेकांचे दुसरे रस्ते बंद केले. एखाद्याला श्रवणयंत्र पुरते, एखाद्याला कानाचे औषध किंवा शस्त्रक्रिया लागते, एखाद्याची भाषा खुणांचीच असते. वर्गातल्या मागच्या बाकावरचे मूल ‘ढ’ नाही, त्याला ऐकू येत नाही, हे कळणे ही तपासणीची पहिली पायरी. पुढची पायरी त्या मुलाला काय हवे हे पाहून ठरवायची असते.